सावंतवाडीचें लाखकाम आणि एका घराण्याचा उद्योग

ज्युबिलीचें वर्ष उगवलें म्हणजे प्रत्येक धर्मग्रामांत एक गोष्ट हटकून घडते. माळ्यावरच्या पेट्या खालीं येतात, कपाटांचीं कुलुपें उघडतात, आणि आजोबांच्या लग्नाचा फोटो, आजीची जपमाळ, वेदीवरचे जुने पितळी दीप अशा वस्तू पुन्हां एकदां उजेड पाहतात. त्या पाहतांना मन भरून येतें; परंतु त्याच वेळीं घरांतील एखादा व्यवहारी माणूस हळूच विचारतो, “याचे आतां किती येतील?” हा प्रश्न आम्ही वावगा मानीत नाहीं. ज्याला मुलांची फी भरावयाची आहे आणि पावसापूर्वीं कौलें शाकारावयाचीं आहेत, त्यानें तो विचारावा हें साहजिक आहे. तथापि जुन्या वस्तूंची किंमत बाजारांत एका रीतीनें ठरते आणि घरांत दुसऱ्या रीतीनें. ह्या दोन हिशेबांतला फरक समजावा म्हणून आमच्या कोंकणपट्टींतील एका घराण्याच्या उद्योगाची हकीकत ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या हकीकतीस हात घालण्यापूर्वीं एका दुसऱ्या राजाचें स्मरण करणें उचित होईल. रत्नागिरीकरांस थिबा राजाची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. १८८५ सालीं इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८६ सालीं आपल्या राण्यांसह रत्नागिरीस बंदिवासांत आला. त्याच्यासाठीं बांधलेल्या टेकडीवरच्या राजवाड्यांत तो १९१० च्या अखेरीस राहावयास गेला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत तेथेंच वारला. मध्यंतरींच्या तीस वर्षांत सरकारी नेमणूक पुरेना म्हणून बरोबर आणलेलें जडजवाहीर थोडें थोडें करून बाजाराची वाट चालूं लागलें. १९१९ सालीं त्याचें कुटुंब मायदेशीं परतलें. वाडा अद्याप उभा आहे आणि पाहणारे त्याचें कौतुकहि करतात. परंतु त्या वैभवांतून रत्नागिरींत एखादा उद्योग उभा राहिला, असें मात्र झालें नाहीं. ह्यांत राजाला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तो परक्या मुलखांतला कैदी होता आणि विकण्यावांचून त्याच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, माणिक एकदां विकलें म्हणजे त्याचा पैसा एकदांच मिळतो. सावंतवाडीच्या भोंसले घराण्यानें आपल्या पडत्या काळांत जी वाट धरिली ती ह्याहून निराळी होती.

सावंतवाडी आणि आपण

सावंतवाडी आम्हां रत्नागिरीकरांस परकी नाहीं. १८८० सालीं मुंबई सरकारनें जें ग्याझेटियर छापलें, त्यांत रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान ह्या दोहोंची माहिती एकाच खंडांत बांधली होती. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हांपासून १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. पुढें २००५ सालीं पुणें धर्मप्रांतांतून सिंधुदुर्ग धर्मप्रांत निराळा करण्यांत आला. त्यांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे आले आणि बिशपांचें पीठ सावंतवाडीस स्थापन झालें. तेव्हां जिल्ह्यानें तुटलेलें नातें धर्मप्रांतानें पुन्हां जोडलें म्हणावयाचें. मिलाग्रिस मातेच्या मंदिरांत कांहीं सोहळ्याच्या निमित्तानें गेलेला आपला माणूस परत येतांना रिकाम्या हातीं येत नाहीं. मोती तलावाच्या कांठानें फिरून तो चितारआळींत शिरतो आणि लांकडी केळीं, आंबे, वांगीं, कारलीं ह्यांची एक परडी मुलांसाठीं उचलतो. तीं फळें इतकीं हुबेहूब असतात कीं, घरीं आलेला पाहुणा हात पुढें करतो आणि मग सगळे हंसतात. ज्या हातांनीं तीं रंगविलीं त्यांची परंपरा केवढी जुनी आहे, हें मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतें.

गंजिफांचा खेळ

ह्या परंपरेचें मूळ एका खेळांत आहे. गंजिफा म्हणजे हातांनीं रंगविलेले वाटोळे पत्ते. हिंदुस्थानांत त्यांचा सर्वांत जुना उल्लेख बाबर बादशहाच्या आत्मचरित्रांत येतो; १५२७ सालीं त्यानें सिंधमधील आपल्या एका स्नेह्याकडे असे पत्ते पाठविल्याची नोंद तेथें आहे. मोगलांच्या गंजिफांत आठ रंग व प्रत्येक रंगांत बारा पानें मिळून ९६ पानें असत. हा खेळ दक्षिणेंत आल्यावर येथील लोकांनीं त्याला आपलें रूप दिलें. दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंत पानें, अशीं एकंदर १२० पानें असतात. दिवसां खेळावयास बसलें तर रामाच्या पानापासून आरंभ करावयाचा आणि रात्रीं बसलें तर कृष्णाच्या, असा त्याचा रिवाज आहे. सावंतवाडीस हा खेळ तेलंगणांतून आलेल्या ब्राह्मणांनीं आणिला आणि तिसरे खेमसावंत ह्यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७५५ ते १८०३ ह्या काळांत, त्याला राजाश्रय लाभला, अशी परंपरा सांगतात.

पान तयार करण्याची रीत मोठ्या चिकाटीची आहे. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें एकावर एक चिकटवावयाचे, वाळले म्हणजे त्यांवर खडूचें सारण द्यावयाचें, गुळगुळीत दगडानें तें घोटून आरशासारखें करावयाचें, मग गोल चकत्या कापावयाच्या. पाठीला लाखेचा लेप चढतो. त्यामुळें पान ताठ राहतें आणि कोंकणच्या दमट हवेंत लवकर बिघडत नाहीं. त्यानंतर बारीक कुंचल्यानें चित्र निघतें. सारा पसारा दोन-तीन बोटें रुंदीच्या वर्तुळांत मावावयास हवा. त्यांत राजाचें सिंहासन हवें, सेवक हवा, कांठाची वेलबुट्टी हवी. आणि असें एक पान काढून भागत नाहीं, एकशेंवीस काढावीं लागतात. ज्या हाताला ही शिस्त लागली तो हात पुढें कोणत्याहि कामास कमी पडत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; कारण आमची सारी हकीकत ह्या एका गोष्टीवर उभी आहे.

चितारआळीचें घर

हीं पानें रंगविणाऱ्या कारागिरांस चितारी म्हणतात, आणि सावंतवाडींतील त्यांच्या वस्तीला चितारआळी. चिताऱ्याचा कारखाना म्हणजे त्याचें घरच. पडवींत काम चालावयाचें, ओटीवर विक्री व्हावयाची, आणि मुलानें बापाच्या मांडीला मांडी लावून बसतां बसतां हात शिकावयाचा. केवळ गंजिफांवर एवढ्या घरांचें पोट भरणें शक्य नव्हतें. म्हणून तोच कुंचला लांकडाकडे वळला. जेवावयाला बसण्याचे पाट, पूजेचे चौरंग, देव्हारे, तान्ह्या मुलांचे पाळणे, मुलींची भातुकली, लग्नाच्या रुखवतांत मांडावयाचीं खेळणीं, बैलगाड्या, बाहुल्या, सगळें ह्या आळींतून जाऊं लागलें. माणूस पाळण्यांत पडल्यापासून पाटावर बसेपर्यंत त्याच्या भोंवतीं चिताऱ्याचा रंग असे, म्हटलें तरी चालेल.

खेळण्यांस पूर्वीं पांगाऱ्याचें लांकूड वापरीत. तें हलकें व मऊ असल्यामुळें मुलाच्या पायावर पडलें तरी इजा होत नाहीं. पुढें पांगारा दुर्मिळ झाला तसें आंब्याचें लांकूड आलें. गोल वस्तूंस लाख चढविण्याची रीत पाहण्याजोगी असते. लांकूड यंत्रावर गरगर फिरत असतां त्याला रंगीत लाखेची कांडी टेंकवितात. घर्षणानें ऊब येते, लाख वितळते आणि लांकडाच्या अंगाशीं एकजीव होऊन बसते. वरून केवड्याच्या पात्यानें घोटलें म्हणजे अशी झळाळी येते कीं, निराळें तेल लावावयास नको. ज्या वस्तू यंत्रावर चढत नाहींत, म्हणजे पाट, चौरंग, पेट्या, त्यांवर अस्तर देऊन कुंचल्यानें चित्रें काढितात.

एकोणिसाव्या शतकांत ह्या मुलखाच्या कारागिरीचा लौकिक बाहेर गेला होता. वाळ्याचे पंखे व पेट्या, त्यांवर जरीचें आणि भुंग्यांच्या पंखांचें नक्षीकाम, गव्याच्या शिंगांच्या वस्तू, आणि चिताऱ्यांचे पत्ते व खेळणीं हें सारें प्रदर्शनांतून मांडलें जात असे. परंतु लौकिक निराळा आणि पोट निराळें.

पडता काळ

गंजिफांचा पहिला शत्रु म्हणजे छापील पत्ता. यंत्रावर छापलेली बावन्न चौकोनी पानें कोणत्याहि दुकानांत चार पैशांस मिळूं लागलीं, तेव्हां कित्येक दिवस खपून रंगविलेलीं एकशेंवीस पानें घेणार कोण? खेळ गेला तसे खेळाचे नियम जाणणारेहि गेले. त्यापाठोपाठ खेळण्यांवर पत्र्याचे आणि मग प्लॅस्टिकचे संकट आलें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आणि सणासमारंभाला दरबाराकडून येणारी मागणीहि तुटली. विसाव्या शतकाच्या मध्यास गंजिफा रंगविण्याची पुरी विद्या जाणणारा असा जवळजवळ एकच वृद्ध कारागीर आळींत उरला होता. त्यांचें नांव पुंडलिक चितारी.

अशा वेळीं राजवाड्यांत काय चाललें होतें? शिवरामराजे भोंसले ह्यांचा जन्म १९२७ चा. १९३७ सालीं वडिलांच्या मृत्यूनंतर वयाच्या दहाव्या वर्षीं ते गादीवर आले, आणि ऐन विशींत असतांना राज्यच उरलें नाहीं. देशांतील शेंकडों संस्थानिकांवर तोच प्रसंग आला होता. वाडा मोठा, उत्पन्न आटलेलें, आणि दालनांतून पूर्वजांनीं जमविलेलें सामान. पुष्कळांनीं त्या सामानाला हात घातला. मुंबईच्या चोरबाजारांत मटण स्ट्रीटवर, कुलाब्याच्या पेढ्यांतून, आणि पुढें परदेशच्या लिलांवांतून जुनीं झुंबरें, शिसवी पलंग, हंड्या, तसबिरी ह्यांची रीघ लागली. जुन्या वस्तूंचा व्यापार हा प्रामाणिक व्यापार होऊं शकतो, हें आम्हांस मान्य आहे. मुंबईंत १८६० साली स्थापन झालेल्या फिलिप्ससारख्या पेढीनें त्यांत नांवहि मिळविलें आहे. जाणकार व्यापारी नसता तर कित्येक चांगल्या वस्तू सरपणांत गेल्या असत्या. पण विकणाऱ्या घराच्या दृष्टीनें पाहिलें तर तो थिबा राजाच्या माणकांचाच मार्ग होता.

दरबारांतील कारखाना

शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशिलादेवी ह्यांनीं निराळा विचार केला. सत्वशिलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यांतून आलेल्या. कलेची आवड आणि जाण त्यांना माहेरींच लाभलेली. आपल्या गांवची ही विद्या एका वृद्धाच्या श्वासावर टांगलेली आहे, तो श्वास थांबला तर ती कायमची जाईल, ही गोष्ट त्या पतिपत्नींनीं ओळखिली. त्यांनीं पुंडलिक चितारी ह्यांच्याकडून ती विद्या समजून घेतली, स्वतः हातीं कुंचला धरिला, आणि तरुण कारागिरांस वाड्यांत बसवून शिकविण्याची सोय केली. राणीनें जमिनीवर बसून चिताऱ्याकडून धडा घ्यावा, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

ह्याच सुमारास रुडॉल्फ फॉन लायडन नांवाचे एक रसिक गृहस्थ गंजिफांच्या शोधांत होते. ते जन्मानें जर्मन; मुंबईस राहून कलाविषयक लेखन व व्यंगचित्रें करीत. हिंदुस्थानांतील जुन्या पत्त्यांचा त्यांनीं आयुष्यभर संग्रह व अभ्यास केला. १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियमनें गंजिफांचें प्रदर्शन भरविलें, त्याचा ग्रंथ त्यांनींच लिहिला. परक्या देशांतील विद्वानाला आपल्या आळींतील पत्त्याचें मोल कळावें आणि आपणांस कळूं नये, हा अनुभव आमच्या समाजाला पुष्कळदां आला आहे. येथें निदान राजवाड्यानें तरी डोळे उघडे ठेविले.

१९७१ च्या सुमारास ह्या प्रयत्नाला उद्योगाचें रूप आलें आणि ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था वाड्यांतच सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें संस्थानिकांचे तनखे कायद्यानें बंद केले. ज्या दरबार हॉलमध्यें पूर्वीं मानकरी बसत, तेथें आतां कारागीर बैठका मांडून बसूं लागले. वर झुंबरें, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी, आणि खालीं चटईवर रंगाच्या वाट्या घेऊन बसलेलीं माणसें, असें दृश्य तेथें येणाऱ्यास पाहावयास मिळूं लागलें. दरबाराची शोभा त्यामुळें उणी झाली, असें आम्हांस वाटत नाहीं.

पत्त्यावरून मेजावर

आतां व्यापाराची गोष्ट. एकशेंवीस पानांचा जोड रंगवावयास कित्येक दिवस लागतात. त्याची किंमत कारागिराला परवडेल अशी ठेवावी तर ती सामान्य गिऱ्हाइकाच्या आवांक्याबाहेर जाते. शिवाय तो खेळ येणारीं माणसें फार थोडीं. तेव्हां जोड घेणारा बहुधा संग्राहक किंवा परदेशी प्रवासी. अशा गिऱ्हाइकावर वर्षभर दहा-वीस माणसांचा पगार निघणें कठीण. पण मेज, खुर्ची, पेटी, तबक, आरशाची चौकट, दिव्याचा खांब ह्या वस्तू प्रत्येक घराला लागतात. म्हणून गंजिफाच्या पानावरचें वर्तुळ उचलून मेजाच्या मध्यभागीं बसविण्यांत आलें, पानाची वेलबुट्टी खुर्चीच्या पाठीवर चढली, आणि दहा अवतार तबकांत येऊन बसले. कारागिराला नवी विद्या शिकावी लागली नाहीं. जो हात दोन बोटांच्या चकतीवर राजा काढीत असे, त्याला हातभर फळीवर काढणें म्हणजे मोकळ्या रानांत चालणें होय.

अशा रीतीनें मेजानें पत्त्याला पोसलें आणि पत्त्यानें मेजाला कूळ दिलें. नुसतें रंगीत मेज कोणीहि करील. परंतु हें मेज कोणत्या पानावरून उतरलें, तें पान कोणाच्या काळचें, ही हकीकत त्याच्या मागें असल्यामुळें त्याला बाजारांत निराळें स्थान मिळालें. वाड्यांतील जुन्या गंजिफा विकल्या असत्या तर एका व्यवहारांत संपल्या असत्या. त्या जपून ठेवून त्यांच्यावरून नवीन वस्तू घडविल्या, म्हणून त्यांचा उपयोग दरसाल होत राहिला. जुनी वस्तु हें भांडवल समजावें, माल समजूं नये, असें जें आम्ही म्हणतों त्याचा अर्थ हाच.

ह्या संबंधांत कायद्याचीहि एक गोष्ट सांगून ठेवितों. पुराणवस्तूंविषयीं १९७२ सालीं झालेला कायदा १९७६ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलेची वस्तु ही पुराणवस्तु ठरते. तिचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं आणि खासगी माणसाला ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. नवीन घडविलेल्या वस्तूला हें बंधन नाहीं. ती जगाच्या कोणत्याहि टोंकाला जाऊं शकते. म्हणजे जुन्यावरून नवें घडविणाऱ्याचा बाजार, जुनें विकणाऱ्याच्या बाजारापेक्षां मोठा आहे.

पुढची पिढी

शिवरामराजे १९९५ सालीं वारले. ते अनेकदां आमदार म्हणून निवडून आले होते, परंतु गांवच्या लोकांच्या मनांत त्यांची आठवण चितारकामाशींहि जडलेली आहे. त्यांच्या मागें सत्वशिलादेवींनीं हें काम सोडलें नाहीं. २०१८ सालीं त्यांचें निधन झालें तोंवर वाड्यांतील कारागिरीवर त्यांची नजर होती. ज्या घरांत उद्योग एकाच माणसाच्या हौशीवर चाललेला असतो तेथें त्या माणसाबरोबर तो जातो, असा सर्वत्र अनुभव आहे. सावंतवाडीस तसें झालें नाहीं. पुत्र खेमसावंत भोंसले व स्नुषा शुभदादेवी, आणि त्यांच्या मागून नातू लखमराजे व नातसून श्रद्धाराजे ह्यांनीं तें काम आपलें मानिलें.

२०२२ सालीं त्यांनीं राजवाड्याच्या आवारांत पाहुण्यांसाठीं एक लहानसें कलानिवास सुरू केलें. तेथील दालनांस दशावतारांचीं नांवें दिलीं आहेत आणि गंजिफांच्या चित्रांनीं तीं सजविलीं आहेत. पाहुणा रात्रीं ज्या खोलींत झोंपतो, तिच्या सजावटींतून त्याला चितारआळीच्या कलेचा परिचय होतो आणि सकाळीं दरबारांत जाऊन तो तें काम प्रत्यक्ष चालतांना पाहतो. दुकानाच्या फळीवर मांडलेली खुर्ची पाहून जें गिऱ्हाईक नुसतें भाव विचारून जातें, तेंच त्या वातावरणांत एक रात्र काढल्यावर तिची किंमत जाणतें. पत्त्यावरून मेजावर, आणि मेजावरून साऱ्या दालनावर, अशी ही तीन पिढ्यांची वाटचाल आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

एवढें सांगून थांबलों तर आमची हकीकत एकांगी होईल. राजवाड्याचें नांव मोठें असतें. वर्तमानपत्रें त्याच्याकडे धांवतात. चिताऱ्याच्या पडवीकडे कोणी धांवत नाहीं. वास्तविक ही विद्या त्या पडवींत जन्मली, आणि तिला सांभाळणारे हात तेथलेच. आश्रयदात्यानें छत्र धरिलें हें त्याचें पुण्य आहे. पण छत्राखालीं जो भिजत बसला होता त्याला विसरतां कामा नये. चिताऱ्याचा मुलगा गोव्यास किंवा मुंबईस नोकरीला गेला तर त्याला बोल लावण्याचा अधिकार, त्याच्या बापाच्या मालाला घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला पोंचत नाहीं. दिवसभर मान मोडून रंगविलेल्या पाटाचा भाव आपण यंत्रांतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पाटाशीं ताडून पाहतों, आणि मग जुनी कला बुडाली म्हणून हळहळतों. कला एका दिवसांत बुडत नाहीं. ती घासाघिशींत थोडी थोडी झिजते.

हींहि कबूल केलें पाहिजे कीं, सगळ्याच घरांना सावंतवाडीचें उदाहरण जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. तेथें वाडा होता, ओळखी होत्या, दरबार हॉल होता. सामान्य कुटुंबाला पेटी विकूनच औषध आणावें लागतें. अशा कुटुंबाला आम्ही दोष देत नाहीं. आमचें सांगणें ज्यांना गरज नसतां केवळ जागा अडते म्हणून जुन्या वस्तू काढून टाकावयाच्या आहेत, त्यांच्यासाठीं आहे.

आपल्या घराकडे

आमच्या कॅथलिक घरांतून काय आहे, ह्याकडे आतां वळूं. गोव्याहून आलेल्या आमच्या पूर्वजांनीं बरोबर फारसें कांहीं आणलें नव्हतें. पण घर उभें राहिलें कीं भिंतीशीं आल्तार उभें करीत. लांकडी महिरप, दोन बाजूंस कोरीव खांब, मध्यें क्रूस, खालीं मेणबत्त्यांची फळी. त्यापुढें सायंकाळीं सारें घर गुडघे टेंकी. त्याच घरांत वेताच्या बैठकीची आरामखुर्ची, कपड्यांची शिसवी पेटी, आणि पानांच्या नक्षीचा पलंग. आज नवें घर बांधतांना ह्या वस्तू जड वाटतात. दारावर जुन्या सामानाचा फिरता व्यापारी येतो, चार नोटा मोजतो आणि आल्तार टेंपोंत घालून नेतो. कांहीं महिन्यांनीं तेंच आल्तार एखाद्या हॉटेलांत बाटल्यांची मांडणी म्हणून उभें राहिलें तर तें पाहून दुःख कोणाला होईल? ज्यानें विकलें त्यालाच.

देवळांच्या जुन्या वस्तूंबद्दल गोव्यानें एक चांगला धडा घालून दिला आहे. १९९४ सालीं रायतूरच्या सेमिनरींत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय उघडण्यांत आलें, आणि पुढें तें जुन्या गोव्यांतील सांता मोनिकाच्या मठांत हलविण्यांत आलें. ठिकठिकाणच्या देवळांतून व घरांतून हस्तिदंती मूर्ति, भरतकामाचे झगे, चांदीचीं पात्रें, कोरीव लांकूडकाम तेथें एकत्र आलें. त्यांतील पुष्कळ वस्तू येथल्याच कारागिरांच्या हातच्या. त्या विकल्या गेल्या असत्या तर आमच्या कारागिरांनीं काय केलें, ह्याचा पुरावाच उरला नसता. प्रत्येक धर्मग्रामाला संग्रहालय काढतां येणार नाहीं, हें खरें. परंतु एक वही घालतां येईल: कोणत्या घरांत कोणती जुनी वस्तु आहे, ती कोणी केली, कोणाच्या लग्नांत आली, एवढें त्या वहींत लिहून ठेवावें. ज्युबिलीच्या वर्षाला ह्याहून सोपें आणि अधिक टिकाऊ काम आम्हांस सुचत नाहीं.

आणि दुसरें असें कीं, मोडलेली वस्तु टाकण्यापूर्वीं गांवच्या सुताराला दाखवावी. वेत विणणारा, पॉलिश करणारा, खांबाची तुटकी पाकळी पुन्हां कोरणारा असा माणूस अजून आपल्या आसपास आहे. त्याला काम मिळालें नाहीं तर तोहि उद्यां असणार नाहीं. देवळाला नवीं बांकें, नवें प्रवचनपीठ करावयाचें झालें, तर शहरांतल्या तयार मालाच्या यादीवर बोट ठेवण्याऐवजीं जुन्या बांकाचा नमुना त्याच्यापुढें ठेवावा. नाताळांत मुलांना खेळणीं द्यावयाचीं झालीं, तर चितारआळीचीं द्यावीं. गोठ्यांतलीं गुरें आणि मेंढरें तेथल्या कारागिराकडून करवून घ्यावयास काय हरकत आहे? बैलगाडी ज्याला करतां येते, त्याला गोठ्यांतला बैल अवघड जाणार नाहीं.

थिबा राजाचीं माणकें आज कोणाच्या अंगठींत आहेत, हें रत्नागिरींत कोणी सांगूं शकत नाहीं. सावंतवाडीच्या गंजिफा कोठें आहेत, हें मात्र कोणीहि सांगेल: त्या वाड्यांत आहेत, आणि त्यांवरून उतरलेलीं मेजें घरोघर आहेत. ह्या दोहोंपैकीं कोणत्या वाटेनें आपलें घर जावें, हें ठरविणें अजून आपल्या हातीं आहे. पुढच्या ज्युबिलीला आपलीं मुलें पेट्या उघडतील, तेव्हां त्यांत त्यांना कांहीं सांपडावें, आणि तें कोणी घडविलें हें सांगणारें कोणी जवळ असावें, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतों.